हरिश्चंद्राच्या कारखान्यातले हात

एखाद्या मोठ्या संशोधकाचे चरित्र पडद्यावर आणायचे म्हटले, की चित्रपट करणाऱ्यापुढे एक जुनीच अडचण उभी राहते. शोध ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. ती माणसाच्या डोक्यात घडते, आणि डोक्यात चाललेले काही कॅमेऱ्याला टिपता येत नाही. मग करायचे काय? संशोधकाला रात्ररात्र जागवायचे, त्याच्या टेबलावर मिणमिणता दिवा ठेवायचा, बायकोला दारात उभी करून ‘आता तरी दोन घास खाऊन घ्या’ असे म्हणायला लावायचे, आणि अखेरीस यंत्र सुरू झाले की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचे. अमेरिकेत १९४० साली एकट्या एडिसनवर दोन चित्रपट निघाले. एकात पोरसवदा एडिसन मिकी रूनीने रंगवला, दुसऱ्यात प्रौढ एडिसन स्पेन्सर ट्रेसीने. आता गंमत पाहा. ज्या हलत्या चित्रांच्या कलेने एडिसनला असे दोनदा अमर केले, त्या कलेचे यंत्र एडिसनच्या प्रयोगशाळेत जन्मले हे खरे. पण त्यावर प्रत्यक्ष खपला तो डिक्सन नावाचा त्याचा सहायक. लोकांच्या तोंडी नाव राहिले ते एडिसनचे. डिक्सन ग्रंथांतून उरला.

आपल्याकडे या जातीचा जो चित्रपट मला फार आवडतो, तो परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. २००९ साली तो तयार झाला, त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेला गेला, आणि २०१० च्या जानेवारीत आपल्या चित्रपटगृहांतून लागला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला त्याची ती हकीकत. मागे एका सुटीत घरची मुले टेलिव्हिजनसमोर हा चित्रपट पाहत बसली होती. मीही त्यांच्यात जाऊन बसलो. मुले मनसोक्त हसली आणि शेवटी त्यांतल्या एकाने मला विचारले, “म्हणजे सिनेमाचा शोध फाळक्यांनी लावला?” मी नाही म्हणालो. “मग त्यांनी काय शोधून काढले?” हा पुढचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. लहान मुलांचे प्रश्न बहुधा नसतातच. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम फाळक्यांनी काय शोधून काढले नाही, ते पाहू. चित्रे हलवून दाखवण्याची विद्या फ्रान्सातल्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसला पैसे घेऊन लोकांना दाखवली. सहासात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजी, ती मुंबईला वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचली. तेथे ती पाहून आपल्यातले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, असे भारले गेले, की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. म्हणजे कॅमेरा फिरवणारा पहिला मराठी माणूस फाळके नव्हेत. बरे, कथा सांगणारे चित्र तरी त्यांचे पहिले म्हणावे, तर दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी लागला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच थिएटरात लागला तो ३ मे १९१३ ला. हे तोरणे पुढे पुण्याचे झाले. येथे त्यांनी सरस्वती सिनेटोन काढली, आणि १९६० साली त्यांचा शेवट झाला तोही पुण्यातच. त्यामुळे पहिले कोण, हा वाद पुण्यात अजूनही मोठ्या हिरिरीने चालतो. दोन्ही बाजूंना दादासाहेबच असल्यामुळे परक्या माणसाला तो कळतही नाही!

पण या दोन चित्रांत एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म त्या फरकात आहे. ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरचे नाटक. समोर कॅमेरा ठेवून ते टिपले गेले. कॅमेरा चालवला तो जॉन्सन नावाच्या इंग्रजाने, आणि फिल्म धुण्यासाठी गेली लंडनला. तोरण्यांच्या धडपडीला यात यत्किंचितही उणेपणा येत नाही. पण उद्या तो इंग्रज मायदेशी गेला असता, तर मागे दुसरे चित्र काढणारे कोणी उरले नसते. फाळक्यांना हवे होते ते हेच. आपल्या माणसांनी, आपल्या घरात, दुसऱ्या कोणाकडे हात न पसरता, पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्र तयार करावे आणि एक झाल्यावर दुसरे काढता यावे. यंत्र विलायतेचे, पण उद्योग इथला.

हे वेड एकाएकी आलेले नव्हते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर प्लेगाने पहिली पत्नी आणि मूल ओढून नेले. पुढे पुराणवस्तू खात्यात नकाशे काढण्याची सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली आणि पुण्याहून हाकेच्या अंतरावर, लोणावळ्याला, छापखाना काढला. तो पुढे दादरला नेला. १९०९ साली रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले. छपाई, फोटो, जादूचे खेळ, रंगकाम या सगळ्या विद्या एकेक करून अंगात मुरल्या होत्या. भागीदारांशी बिनसून छापखाना सुटला, हातात काही उरले नाही, आणि अशा वेळी १९११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर पाहिले. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. पुढे दररोज चार-पाच तास चित्रे पाहून आणि खेळण्यातल्या यंत्राशी झटून त्यांची दृष्टी जाण्याची वेळ आली. डॉक्टर प्रभाकरांनी उपचार केले, चष्मे दिले, म्हणून डोळे वाचले.

मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ नावाचे साप्ताहिक निघे. फाळके त्याचे वर्गणीदार. त्या ओळखीवर ते थेट संपादक कॅबोर्न यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. कॅबोर्नने आधी या मनुष्याला परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला, की हा धंदा विलायतेतच कित्येकांना जमत नाही, हिंदुस्थानच्या हवेत तर नाहीच. पण पाहुणा ढिम्म हलेना, तेव्हा त्याने त्यांना सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेऊन सोडले. हेपवर्थने सगळे दाखवले. फाळक्यांनी विल्यमसनचा पन्नास पौंडांचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवली, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला मुंबईस परतले. जेमतेम दोन महिने झाले होते. विद्या शिकायला वेळ लागतो तो डोक्यात आधी काही नसले तर. ह्यांच्या डोक्यात वीस वर्षांचा साठा होता.

आता पैसा कोण देणार? सावकाराला ‘चलच्चित्र’ म्हणजे काय हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला आणि रोज एकेक चित्र घेत महिनाभर बसले. मग ती रीळ चालवली. मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल मांडवावर चढला, सगळे मिनिटभरात! ते पाहून नाडकर्णी नावाच्या व्यापाऱ्याने पैसे देण्याचे कबूल केले. मला तर वाटते, फाळक्यांची सारी प्रतिभा या वाटाण्याच्या वेलात आहे. रामाचा बाण आणि मारुतीचे उड्डाण पुढे आले. आधी त्यांनी काय पाहिले असेल, तर ते कुंडीतल्या मातीतला चमत्कार.

यानंतर सुरू झाला तो ‘कारखाना’. हा शब्दही खुद्द दादासाहेबांचाच. सिनेमात काम करणे म्हणजे तमाशात जाण्याइतके हलके समजले जाई. म्हणून त्यांनी आपल्या मंडळींना पढवून ठेवले होते, की कोणी विचारले तर सांगा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. दादरला त्यांच्या बिऱ्हाडातच सगळा पसारा. तारामतीसाठी बाई मिळेना. घरंदाज राहोच, बाजारातल्या बायाही नाही म्हणाल्या. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीतला साळुंके नावाचा सडपातळ मुलगा दृष्टीस पडला. तेथे त्याला दहा रुपये पगार होता, येथे पंधरा कबूल केले, आणि आपल्या पहिल्या चित्रनायिकेची निवड झाली. बायकांची कामे करणाऱ्या पुरुषांना मिशा काढायला सांगावे, तर ‘बाप जिवंत असताना मिशी कशी काढू?’ असा सवाल येई. ‘फॅक्टरी’ चित्रपटात या प्रसंगांना मुले पोट धरधरून हसतात, आणि ते सारे खरे घडलेले आहे.

हे झाले घराच्या पुढल्या दारचे. आता जरा माजघरात जाऊ.

विलायतेहून येणारी कोरी फिल्म त्या वेळी बिनभोकाची असे. कॅमेऱ्याच्या दातऱ्यांत ती अडकून सरकायची, तर तिच्या दोन्ही कडांना भोके पाडावी लागत. एका फुटात सोळा चित्रे, आणि दर चित्राला प्रत्येक कडेला चार भोके. म्हणजे एका फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ होता ३,७०० फुटांचा. वाचकांनी गुणाकार करून पाहावा: ४,७३,६००. पावणेपाच लाखांच्या घरात भोके, आणि ती केवळ एका प्रतीची! मूळ फिल्म वेगळी, तिच्यावरून उतरवायची प्रत वेगळी, शिवाय वाया गेलेली फिल्म निराळीच. एखादे भोक वाकडे पडले, की चित्र पडद्यावर नाचलेच म्हणून समजा. आणि हे सारे करायचे अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म संपली.

हे काम केले सरस्वतीबाई फाळक्यांनी.

दिवसा त्या कारखान्यातल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. चित्रण चालू असले, की उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. फिल्म धुण्याची रसायने त्या मिसळत, कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकल्या होत्या, आणि रात्री मुले निजली म्हणजे भोके पाडायला बसत. दागिने तर आधीच गहाण पडले होते. तारामतीचे काम तूच कर, असे दादासाहेबांनी त्यांना सुचवले होते म्हणतात. पण त्या उभ्या राहिल्या असत्या तर मागचे सगळे कोणी केले असते? त्यांनी नाही म्हटले. पडद्यावर त्यांचा मुलगा भालचंद्र गेला, रोहिदास होऊन. आई अंधारात राहिली.

दिवाळीच्या फराळाचे उदाहरण घरोघर ताजे आहे. ताट पुढे येते तेव्हा चकली कशी खुसखुशीत झाली एवढेच आपण म्हणतो. भाजणी कोणी भाजली, साऱ्या कोणी फिरवला, तळणीपुढे कोण घामाघूम झाले, हे ताटात दिसत नाही. फाळक्यांनी काय शोधून काढले, याचे माझे उत्तर येथे सापडते. त्यांनी यंत्र शोधले नाही. एक गृहस्थी घर कारखान्यासारखे कसे चालवावे आणि त्यातून एका देशाचा धंदा कसा उभा राहावा, ही रीत त्यांनी शोधली. आणि ही रीत एकट्याने शोधण्याजोगी नव्हती. तिला दोन माणसे लागली.

लवकरच बायकांनाही धीर आला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. ही कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. पुणेकरांना ते घराणे ठाऊक आहेच. फाळक्यांचा कारखाना नाशिकला गेला. १९१७ साली ‘लंकादहन’ आला, त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. आमच्या पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात तो लागला, तेव्हा आत शिरायला धडपडणाऱ्या लोकांनी दार मोडायचेच बाकी ठेवले होते, असे जुनी मंडळी सांगत. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी आणखी पुढची मजल मारली. त्यांनी कॅमेराच घरी तयार केला, आणि त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत याच आर्यनमध्ये लोकांना दाखवला. पेंटरांच्या हाताखालची मंडळी पुढे ‘प्रभात’ झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. वाटाण्याचा वेल असा मांडवभर चढला.

पण ज्याने दाणा पेरला त्याचे काय झाले? जीवनपट बहुधा यशाच्या टोकावर थांबतो, आणि ते योग्यच आहे; प्रेक्षकाला हसतमुखाने घरी जाऊ द्यावे. इतिहासाला मात्र थांबता येत नाही. १९१८ साली भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. माणूस तोच, पण घर जाऊन कंपनी आली. हिशेब, मालकी, मतभेद यांनी गांजून दादासाहेब सर्व सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहीत बसले. कमल स्वरूप यांनी २०१३ साली याच काशीच्या दिवसांवर ‘रंगभूमी’ नावाचा माहितीपट केला, तो मुद्दाम पाहण्याजोगा आहे. काशीहून फाळके परतले, पुन्हा चित्रे काढली. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचा बाजार उठला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली ‘गंगावतरण’ केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब वारले, तेव्हा त्यांनी जन्माला घातलेला धंदा लाखोंची उलाढाल करीत होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली.

त्यांच्या चित्रपटांची संख्या ९५ आणि छोटी चित्रे २६ अशी सांगितली जाते. त्यांतले उरले किती? हे पाहायचे तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जावे लागते. १९६४ साली ते स्थापन झाले. २०२२ पासून त्याचा कारभार राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. तेथे पी. के. नायर यांनी आयुष्य वेचले आणि फाळक्यांच्या घराण्याकडून मिळालेले तुकडे जुळवून ‘कालियामर्दन’ पाहण्याजोगा केला. त्यात बाळकृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळांपैकी पहिली आणि चौथी तेवढी हाती लागली, तीही १९१३ ची नसून १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्राची असावीत, असे अभ्यासक सांगतात. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ स्फोटक द्रव्यच. २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या एका कोठाराला आग लागून अशी कितीतरी जुनी रिळे जळून गेली. फाळक्यांचे जे उरले, ते सुरक्षित फिल्मवर आधीच प्रती उतरवल्या होत्या म्हणून.

या संग्रहात एक छोटेसे चित्र आहे: ‘चित्रपट कसे तयार करतात’. १९१७ चे. त्यात खुद्द दादासाहेब दिसतात. नटांना शिकवताहेत, फिल्म उजेडात धरून निरखताहेत. संशोधकाचा जीवनपट म्हणावा तर हा. नट नाही, सोंग नाही, तोच माणूस आणि तेच काम. मी तो पाहिला तेव्हा त्या पाठमोऱ्या लगबगीने फार गहिवरून आले. पण पाहता पाहता मनात येऊन गेले, की या खऱ्या चित्रातही कारखान्याचे अर्धे काम येऊच शकत नव्हते. भोके पाडण्याचे काम अंधारातले, आणि अंधारातल्या कामाचे चित्र घेता येत नाही.

येथे मात्र सोंगाचा चित्रपट खऱ्यावर कडी करतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त नंदू माधव दादासाहेब झाले आहेत आणि पुण्याच्या विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. ही सरस्वती दारात उभी राहून ‘दोन घास खाऊन घ्या’ म्हणणारी नव्हे. ती नवऱ्याच्या वेडाला हसते, त्याच्या बरोबरीने वेडी होते आणि हात काळे करून घेते. इतिहासाने जे पुस्तकाच्या एखाद्या परिच्छेदात ठेवले होते, ते या चित्रपटाने लाखो घरांत नेऊन पोहोचवले. पुराव्याच्या रिळात नवरा सापडला. बायको सापडायला शंभर वर्षांनी नट-नटींना उभे राहावे लागले.

म्हणून संशोधकांच्या जीवनपटांना नाके मुरडणाऱ्या माझ्या अभ्यासू स्नेह्यांशी माझे जमत नाही. चित्रपट तारखांत चुकेल, दोन प्रसंगांचा एक करील. त्यासाठी संग्रहालये आहेत, कागदपत्रे आहेत, ती जपली पाहिजेत, आगीपासून आणि आळसापासूनही. पण कागदाला जे दिसत नाही ते दाखवण्याची संधी त्याला असते. ती त्याने घेतली की नाही, एवढेच पाहावे. यापुढे एखाद्या मोठ्या माणसाच्या आयुष्यावरचे चित्र घरी सर्वांनी मिळून पाहाल, तेव्हा मुलांना एक खेळ म्हणून सांगून ठेवा: नायकाकडे सगळेच बघतात, तुम्ही त्याच्या मागे कोण उभे आहे ते शोधा. ज्या चित्रात ते माणूस सापडेल, ते चित्र खरे.